वांद्रे नगरपालिका (१८७६–१९५०): एका उपनगरी स्वराज्यसंस्थेचा उदय व विलय

महानगरांचा इतिहास बहुधा मध्यवर्ती शहराच्या दृष्टीने लिहिला जातो. शहर वाढले, त्याच्या सीमा पसरल्या आणि भोवतालची गावे त्यात सामावली गेली, एवढ्या वाक्यात उपनगरांची वासलात लावण्याची प्रथा पडून गेली आहे. वस्तुतः सामावल्या गेलेल्या या ठिकाणांपैकी कित्येकांना स्वतःची नगरपालिका, स्वतःचे करदाते, स्वतःचे रस्ते व स्वतःचे राजकारण होते. मुंबईच्या बाबतीत वांद्रे हे त्याचे ठळक उदाहरण होय. १८७६ मध्ये स्थापन झालेली वांद्रे नगरपालिका १५ एप्रिल १९५० रोजी बृहन्मुंबईत विलीन झाली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या या कारकीर्दीत एका संस्थेने काय केले, तिला काय करता आले नाही आणि तिच्या विलयाने नेमके काय नाहीसे झाले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. कारण नगरपालिका नाहीशी झाली तरी तिची सीमा नाहीशी झाली नाही, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

१. खाडीपलीकडचा मुलूख

वांद्रे व मुंबई बेट यांच्यामध्ये माहीमची खाडी आहे. हे अंतर अगदी थोडे. परंतु राजकीय व कायदेशीर दृष्ट्या ते दीर्घकाळ फार मोठे होते. मुंबई बेट सतराव्या शतकातच इंग्रजांकडे आले. साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. वांद्र्यात जेझुइट पंथीयांचे वर्चस्व होते व खाडीच्या मुखावर पोर्तुगीजांनी १६४० मध्ये बांधलेला किल्ला होता. १७३७ ते १७३९ या काळातील वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पाच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी साष्टी जिंकली. पुढे डिसेंबर १७७४ मध्ये कंपनीच्या फौजेने ठाण्याचा किल्ला घेतला व १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीवरील इंग्रजांचा ताबा कायम झाला.

याचा परिणाम असा झाला की एकाच सत्तेखाली येऊनही ही दोन बेटे दोन निराळ्या व्यवस्थांत राहिली. मुंबई हे इलाख्याच्या राजधानीचे शहर होते. त्याची न्यायालये व त्याचे नगरपालिका-कायदे वेगळे होते. साष्टी हा ठाणे जिल्ह्याचा तालुका, म्हणजे कायद्याच्या परिभाषेत ‘मोफसल’ प्रदेश होता. माहीमच्या रहिवाशाला लागू असलेला कायदा खाडी ओलांडताच लागू होत नसे. वांद्र्याच्या नगरपालिकेचा सारा इतिहास या एका विभाजनाच्या छायेत घडला.

साष्टीतील जमिनीची व्यवस्थाही मुंबईपेक्षा भिन्न होती. कंपनीच्या काळात अनेक गावे मोठमोठ्या मालकांना देण्यात आली होती. कुर्ला व त्याच्या लगतची काही गावे होरमसजी बमनजी वाडिया यांना १८०८ मध्ये मुंबईतील अपोलो बंदराजवळच्या जागेच्या मोबदल्यात मिळाली, हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. या वतनांचे शेवटचे अवशेष १९५१ च्या साष्टी इस्टेट कायद्याने दूर झाले. उपनगर म्हणून ज्या भूमीचा पुढे विकास झाला ती मोकळी किंवा निर्मालक भूमी नव्हती. ती भातशेती, खाजण, मिठागरे, कोळीवाडे व गावठाणे यांची भूमी होती. वांद्रे म्हणून ज्याचा उल्लेख होई ते स्वतः शेर्ली, राजन, रनवार, पाली, चुईम इत्यादी वाड्यापाड्यांचे एकत्र नाव होते. चिंबई व दांडा येथे कोळ्यांची वस्ती होती. ख्रिस्ती झालेले जुने रहिवासी, कोळी, मुसलमान, पारशी व हिंदू अशी मिश्र वस्ती येथे नगरपालिकेच्या पूर्वीपासून होती.

२. सेतू, लोहमार्ग व खाटिकखाना

खाडी ओलांडण्याची साधने निर्माण झाली तेव्हा उपनगराचा आरंभ झाला. पूर्वेस शीवचा सेतू १८०५ मध्ये पुरा झाला. पश्चिमेस माहीमचा सेतू होण्यास आणखी चाळीस वर्षे लागली. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी लेडी अवाबाई यांनी १,५७,००० रुपयांची देणगी दिल्यामुळे तो १८४५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. या सेतूवर पथकर घेतला जाऊ नये अशी त्या देणगीची अट होती. वांद्र्याच्या वाढीच्या दृष्टीने ही अट सेतूइतकीच महत्त्वाची मानावी लागेल. कारण रोज ये-जा करणाऱ्या सामान्य माणसाला पथकर हीच खाडी ठरली असती.

त्यानंतर लोहमार्ग आला. एप्रिल १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावू लागली. पश्चिमेकडील बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची उपनगरी सेवा १८६७ मध्ये सुरू झाली व वांद्रे हे तिच्या आरंभीच्या थांब्यांपैकी एक होते. शहरात काम व उपनगरात घर ही जीवनपद्धती तेव्हापासून शक्य झाली. तथापि तिचा प्रसार ताबडतोब झाला नाही. प्रारंभी येथे आले ते हवापालटासाठी बंगले बांधणारे श्रीमंत लोक होते.

श्रीमंतांच्या बंगल्यांबरोबरच शहराने खाडीपलीकडे आणखी एक वस्तू पाठविली, ती म्हणजे खाटिकखाना. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकीर्दीत (१८६५–१८७१) शहरातील कत्तलखाने वांद्र्यास हलविण्यात आले. शहराच्या आरोग्यसुधारणेचा हा एक प्रशंसनीय भाग म्हणून मुंबईच्या इतिहासात नोंदला गेला आहे. पण वांद्र्याच्या बाजूने पाहिले असता त्याचा अर्थ निराळा होतो. शहराला नको असलेली गोष्ट शहराच्या कायदेशीर सीमेबाहेर, परंतु शहराच्या उपयोगासाठी, ठेवली गेली. आणि त्या वेळी वांद्र्याला या व्यवस्थेस संमती देण्याचा किंवा ती नाकारण्याचा अधिकार असलेली कोणतीही संस्था अस्तित्वात नव्हती. नगरपालिका स्थापन झाली ती त्यानंतर.

ही गोष्ट अपवादात्मक नव्हती. मुंबईसाठी पाणी साठविणारे विहार (१८६०) व तुळशी (१८७९) हे दोन्ही तलाव साष्टीतच बांधले गेले. शहराचा कचरा टाकण्याची देवनारची जागा १९२७ पासून वापरात आली, तीही शहराच्या सीमेबाहेरच. पाणी उपनगरातून शहरात जाई व घाण शहरातून उपनगरात येई. उपनगरी नगरपालिकांचा जन्म अशा विषम संबंधांत झाला, हे त्यांच्या पुढील इतिहासाचे आकलन होण्यासाठी ध्यानात ठेवावयास हवे.

३. नगरपालिकेची घटना

वांद्र्याची नगरपालिका १८७३ च्या मुंबई जिल्हा नगरपालिका कायद्याखाली १८७६ मध्ये स्थापन झाली. या कायद्याने इलाख्यातील गावांची शहर-नगरपालिका व कसबा-नगरपालिका अशी विभागणी केली होती व नगरपालिकांवर जिल्हाधिकाऱ्याचे वर्चस्व ठेवले होते. १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्यविषयक ठराव प्रसिद्ध झाला आणि त्यास अनुसरून १८८४ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा दुरुस्त करण्यात आला. निर्वाचित सभासद व बिनसरकारी अध्यक्ष यांचा मार्ग त्यामुळे खुला झाला. १९०१ च्या जिल्हा नगरपालिका कायद्याने या व्यवस्थेची पुनर्रचना केली, तर १९२५ च्या म्युनिसिपल बरो कायद्याने मोठ्या नगरपालिकांना अधिक विस्तृत अधिकार दिले. वांद्रे ही त्यानंतर बरो नगरपालिका झाली.

येथे मुंबई शहराच्या घटनेशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. शहरात १८८८ च्या कायद्याप्रमाणे महापालिका-सभा निर्वाचित असली तरी कार्यकारी सत्ता सरकारनियुक्त आयुक्ताच्या हाती होती. फिरोजशहा मेहता यांच्यासारख्या समर्थ लोकनेत्यालाही याच चौकटीत काम करावे लागले. बरो नगरपालिकेत मुख्याधिकारी नेमण्याची तरतूद होती. पण त्याची नेमणूक नगरपालिकाच करी व तो तिचाच सेवक असे. निर्वाचित अध्यक्ष व समित्या यांच्याकडे प्रत्यक्ष कारभाराचा मोठा भाग असे. म्हणजे मुंबईसारख्या बलाढ्य महापालिकेपेक्षा वांद्र्यासारख्या लहान नगरपालिकेत लोकप्रतिनिधी कारभाराच्या अधिक निकट होते. पैसा व तांत्रिक सामर्थ्य यांत मात्र ती शहराशी बरोबरी करू शकत नव्हती. अधिकार होता पण साधने नव्हती, असे तिच्या स्थितीचे वर्णन करता येईल.

या लोकशाहीच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. नगरपालिकेच्या आयुष्याच्या बहुतांश काळात मतदानाचा अधिकार मालमत्ता व कर यांवर आधारलेला होता. बंगल्याचा मालक मतदार होता; त्याच बंगल्यात राबणारा नोकर, चिंबईचा निर्धन कोळी किंवा खाटिकखान्यातील मजूर मतदार नव्हता. जिला ‘लोकांची नगरपालिका’ म्हटले जाई ती प्रत्यक्षात करदात्यांची नगरपालिका होती. मुंबई महापालिकेची प्रौढ मतदानावर आधारलेली पहिली निवडणूक १९४८ मध्ये झाली. त्यामुळे १९५० चे विलीनीकरण म्हणजे केवळ लोकसत्तेचा संकोच होय असा निष्कर्ष काढणे एकांगी ठरेल.

४. प्लेग व वस्तीचा ओघ

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग प्रकट झाला व शहरातून लोकांचे लोंढे बाहेर पडले. उपनगरांकडे पाहण्याची मुंबईकरांची दृष्टी या साथीने बदलून टाकली. हवापालटाची जागा आता आश्रयाची जागा झाली. प्रथम झोपड्या व तात्पुरते निवारे, मग भाड्याची घरे आणि अखेरीस कायमची वस्ती असा तिचा क्रम होता. प्लेगने वांद्र्यालाही सोडले नाही. गावठाणांत व रस्त्यांच्या कडेला त्या काळी उभारलेले क्रूस त्या संकटाची साक्ष देत आजही उभे आहेत. १९०१ च्या जनगणनेत वांद्र्याची लोकसंख्या बावीस हजारांच्या आसपास होती.

१८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई सुधार विश्वस्त मंडळाने शहरातील दाट वस्त्या मोकळ्या करण्याचे काम हाती घेतले. त्याचाही परिणाम मध्यमवर्ग उत्तरेकडे सरकण्यात झाला. दादर, माटुंगा ही बेटावरील उपनगरे त्यातून आकाराला आली व त्यांच्या पाठोपाठ खाडीपलीकडचा पट्टा भरू लागला. पार्ल्यासारख्या ठिकाणी मराठी मध्यमवर्गाने वस्ती करताच शाळा व सार्वजनिक संस्था काढल्या. पार्ले टिळक विद्यालय १९२१ मध्ये व लोकमान्य सेवा संघ १९२३ मध्ये स्थापन झाला. कुर्ल्याचे स्वरूप याहून निराळे होते. तेथे गिरणीचे गाव तयार झाले. जमशेटजी टाटा यांनी १८८६ मध्ये धरमसी मिल विकत घेतली, तीच पुढे स्वदेशी मिल म्हणून प्रसिद्धीस आली. वांद्रे निवासाचे व कुर्ला श्रमाचे, असा दोन शेजारी नगरपालिकांत भेद पडला. दोहोंच्या मध्ये मिठी नदीचा दलदलीचा पट्टा पसरला होता व कोणत्याही नगरपालिकेला त्यात स्वारस्य नव्हते.

१ ऑक्टोबर १९२० रोजी ठाणे जिल्ह्यापासून हा प्रदेश वेगळा करून मुंबई उपनगर जिल्हा निर्माण करण्यात आला. शहराच्या गरजा भागविण्यासाठी उपनगरांचा विकास करावयाचा, तर त्यांचे प्रशासन ठाण्याहून चालविणे सोयीचे नाही, हा त्यामागील विचार होता. शहर व मोफसल या दोन कोटींत आता ‘उपनगर’ ही तिसरी कोटी प्रशासनाने मान्य केली.

५. नगररचनेचा प्रयोग

वांद्रे नगरपालिकेच्या कार्यात चिरस्थायी ठरलेला भाग नगररचनेचा होय. १९१५ मध्ये मुंबई नगररचना कायदा झाला. या विषयावरील तो हिंदुस्थानातील पहिला कायदा होता. त्याखाली आरंभी हाती घेण्यात आलेल्या योजनांत वांद्र्याच्या पहिल्या योजनेचा समावेश होतो.

या कायद्याची पद्धती समजून घेणे आवश्यक आहे. सुधार विश्वस्त मंडळ जमीन सक्तीने संपादन करी, मालकास मोबदला देई व नव्याने भूखंड पाडून ते भाडेपट्ट्याने देई. त्यासाठी फार मोठे भांडवल लागे. नगररचना योजनेत जमीन मालकांकडेच राही. योजनेच्या क्षेत्रातील वेड्यावाकड्या शेतजमिनी कागदोपत्री एकत्र करून, त्यांतून रस्ते व सार्वजनिक जागा काढून, उरलेल्या भूमीचे नियमित आकाराचे भूखंड मालकांना परत दिले जात. पूर्वीचा तो ‘मूळ भूखंड’ व नवा तो ‘अंतिम भूखंड’ अशी परिभाषा रूढ झाली. सुधारणेमुळे जमिनीचे मूल्य जेवढे वाढेल त्याच्या निम्म्यापर्यंत अंशदान मालकांकडून घेण्याची तरतूद होती. वाटणी, भरपाई व अंशदान ठरविण्याचे काम लवादाकडे असे.

ज्या नगरपालिकेपाशी अधिकार होता पण साधने नव्हती, तिला ही पद्धती विशेष अनुकूल होती. जमीन खरेदी न करता रस्ते मिळत व खर्चाचा वाटा ज्यांचा लाभ होई त्यांच्यावर पडे. भातशेतीच्या बांधांवरून सरळ रस्त्यांची चौकट टाकली गेली ती या योजनांमुळेच. खार रोड स्थानक १९२४ मध्ये सुरू झाले व जानेवारी १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली हा मार्ग विजेवर चालू लागला. त्यानंतर आखलेले भूखंड भराभर घरांनी भरले.

परंतु या पद्धतीचा दुसरा परिणामही झाला. योजनेचा विचार मुळात भूखंडाचा व त्याच्या मालकाचा होता. दाटीने वसलेली जुनी गावठाणे त्या चौकटीत बसण्यासारखी नव्हती. म्हणून त्यांच्याभोवतालची शेते चौकटीत आली, गावठाणे मात्र आपल्या अरुंद वाटांसह मध्ये बेटासारखी राहिली. रनवारसारख्या गावठाणात आजही सरळ रस्त्यावरून एकदम वळणावळणाच्या गल्लीत प्रवेश होतो तो या कारणाने. जुन्या रहिवाशांची शेती गेली व घरे राहिली. ज्यांना जमिनीचा मोबदला किंवा नवा भूखंड मिळाला त्यांचा लाभ झाला. जे दुसऱ्याच्या जमिनीवर कसत होते त्यांची उपजीविका मात्र कोणत्याही हिशेबात न येता नाहीशी झाली.

६. परावलंबनाची मर्यादा

नगरपालिकेने रस्ते आखले, पण त्या रस्त्यांखालून जाणाऱ्या नळांतील पाणी तिचे नव्हते. वांद्रे, कुर्ला यांसारख्या ठिकाणचा नळपुरवठा मुंबईच्या जलवाहिन्यांवर अवलंबून होता. तानसाचे पाणी १८९२ पासून साष्टीतून मुंबईकडे वाहू लागले. ज्या प्रदेशातून वाहिनी जाई त्याला त्यातून किती पाणी द्यावयाचे हे ठरविणे मात्र शहराच्या हाती होते. सांडपाण्याची गोष्ट याहून बिकट होती. खाडीच्या दोन्ही काठांवर दोन निरनिराळ्या संस्था असल्यामुळे एकीची घाण दुसरीच्या किनाऱ्यास लागे व उपाय मात्र दोघींनाही एकट्याने करता येत नसे.

वाहतुकीचेही तेच होते. मुंबईची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली, १९०७ मध्ये विजेवर चालू लागली आणि १९६४ मध्ये बंद पडली. या नव्वद वर्षांत ती खाडी ओलांडून वांद्र्यात कधी आली नाही. वीजपुरवठ्यासाठी शहरात बेस्ट कंपनी होती, तर उपनगरांसाठी १९२९ मध्ये बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय ही वेगळी कंपनी स्थापन झाली. नगरपालिकेच्या सीमेने सेवांची सीमा ठरविली, असा हा प्रकार होता.

शिवाय साष्टीत संस्थांची गर्दी झाली होती. वांद्रे व कुर्ला या बरो नगरपालिका, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ यांसारख्या नगरपालिका, त्यांच्यामध्ये ग्रामपंचायती आणि या सर्वांवर उपनगर जिल्ह्याचे अधिकारी. नकाशावर पाहता लोहमार्गाच्या कडेने एकच सलग वस्ती तयार होत होती. कागदावर मात्र तिचे अनेक तुकडे होते. लहान संस्थेस आपल्या गल्लीची निगा उत्तम राखता येते, परंतु जलवाहिनी, मलवाहिनी व हमरस्ता ही गल्लीच्या मापाची कामे नव्हेत. उपनगरी नगरपालिकांचा पाया याच ठिकाणी कच्चा होता.

७. विलीनीकरण

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईची लोकसंख्या झपाट्याने वाढली व फाळणीनंतर निर्वासितांचा ओघ तिला येऊन मिळाला. मुंबई बेटाची लोकसंख्या १९४१ मध्ये सुमारे १४.९ लक्ष होती, ती १९५१ मध्ये सुमारे २३.३ लक्ष झाली. बेटावर जागा उरली नव्हती. त्यामुळे उपनगरे ही शहराची सोय न राहता त्याची निकड बनली.

विलीनीकरणाची पहिली पायरी १९४५ च्या कायद्याने घातली गेली. बृहन्मुंबईच्या सीमा घोषित करून शहराचे कायदे व उच्च न्यायालयाची अधिकारमर्यादा त्या क्षेत्रास लागू करणे, हा त्याचा हेतू होता. युद्धोत्तर विकास समितीने त्याच सुमारास शहर व उपनगरे यांचा एकत्र विचार आरंभिला. १९४८ मध्ये नगर-अभियंता ना. वि. मोडक व अमेरिकन नगररचनाकार आल्बर्ट मेयर यांनी बृहन्मुंबईच्या विकासाचा आराखडा सादर केला. बेटावरील दाटी कमी करून वस्ती व उद्योग साष्टीकडे वळविण्यावर त्यात भर होता. अशा आराखड्याची अंमलबजावणी अनेक स्वतंत्र नगरपालिकांकरवी होणे दुरापास्त होते.

अखेर १९५० च्या सीमाविस्तार कायद्याने १५ एप्रिल १९५० पासून पश्चिमेस अंधेरी-जोगेश्वरीपर्यंत व पूर्वेस भांडुपपर्यंतचा प्रदेश मुंबई महापालिकेत समाविष्ट झाला. वांद्रे व कुर्ला या नगरपालिका त्या दिवशी संपल्या. त्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर होते. वांद्र्याच्या पूर्व भागातील खेरवाडी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १ फेब्रुवारी १९५७ रोजी दुसरा विस्तार होऊन दहिसर व मुलुंड येथपर्यंत सीमा गेली. सुमारे ६८ चौरस किलोमीटरचे शहर सात वर्षांत सुमारे ४३८ चौरस किलोमीटरचे झाले.

विलीनीकरणाचे समर्थन करणे कठीण नाही. १९५७ मध्ये पुरे झालेले वैतरणेवरील धरण किंवा मलनिःसारणाची व्यापक योजना वांद्र्याच्या बरो नगरपालिकेच्या आवाक्यातील कामे नव्हती. नव्या महापालिकेत प्रौढ मतदान होते. शहराच्या ओझ्याचा प्रश्नही, निदान तत्त्वतः, एका सभेपुढे आणता येऊ लागला. वांद्र्याचा खाटिकखाना १९७१ मध्ये बंद होऊन देवनारला गेला हे खरे. पण देवनार हेही पूर्वीचे उपनगरच होते. ओझे सीमेबाहेर टाकण्याची जुनी रीत आता सीमेच्या आत, एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात, चालू राहिली.

गमावले काय, याचेही माप घेतले पाहिजे. अध्यक्ष व समित्या यांच्या हाती असलेली कार्यकारी सत्ता आयुक्ताच्या अखत्यारीत गेली. वांद्रे हे स्वतंत्र नाव महापालिकेच्या कागदावर ‘एच’ या अक्षरात विसर्जित झाले. बेटावरील वॉर्डांना ‘ए’ ते ‘जी’ ही अक्षरे होती; उपनगरांना त्यापुढील मिळाली. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लक्ष होती. २००२ पासूनच्या २२७ नगरसेवकांच्या हिशेबाने एका प्रतिनिधीमागे सुमारे ५५ हजार माणसे येतात. १९०१ मधील वांद्र्याची सारी वस्ती याच्या निम्म्याहूनही कमी होती, आणि तेवढ्या वस्तीला त्या काळी एक संपूर्ण नगरपालिका होती. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनंतर प्रभाग समित्या आल्या; तथापि त्यांना कर बसविण्याचा अधिकार नाही व स्वतःचा कार्यकारी प्रमुख नाही. त्या नगरपालिकेची जागा घेऊ शकत नाहीत.

८. पुसलेली सीमा

कायद्याने पुसलेली सीमा व्यवहारात कितपत पुसली जाते, याचे उत्तर वांद्र्याच्या इतिहासात सापडते. बेस्टची वीज आजही माहीम व शीव येथपर्यंतच जाते. त्यापलीकडील बहुतेक प्रदेशात १९२९ च्या उपनगरी कंपनीचा वारसा चालू आहे. तो २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेला. १९५७ मध्ये सामील झालेल्या मुलुंडकडे महावितरणची वीज आहे. ऑटोरिक्षा पश्चिमेस वांद्रे व पूर्वेस शीव येथे थांबते. बेटावर तिला परवाना नाही. मालमत्तेच्या दस्तऐवजांत बेटावरील व उपनगरांतील भूमापन क्रमांकांच्या पद्धती अद्याप भिन्न आहेत, आणि वांद्रे-सांताक्रूझच्या जमिनींचे वर्णन आजही नगररचना योजनेचा क्रमांक व अंतिम भूखंडाचा क्रमांक यांनीच केले जाते. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर जिल्हा पुन्हा निर्माण झाला व त्याचे मुख्यालय वांद्र्यातच आले. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतील दर चार माणसांपैकी तीन या जिल्ह्यात होती. जो भाग परिशिष्ट म्हणून जोडला गेला तोच ग्रंथाचा मोठा भाग झाला.

वांद्रे व कुर्ला या दोन बरो नगरपालिकांच्या मधोमध जो दलदलीचा पट्टा होता, त्यासाठी १९७७ मध्ये विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक झाली. तेथे उभे राहिलेले वांद्रे-कुर्ला संकुल आज देशातील प्रमुख व्यापारकेंद्रांपैकी एक आहे. विलीन झालेल्या दोन नगरपालिकांची नावे त्याच्या नावात शेजारी शेजारी आली आहेत; परंतु त्याचे नियोजन त्या नगरपालिकांनी केले नाही, आणि ज्या महापालिकेत त्या विलीन झाल्या तिनेही केले नाही. ते राज्य शासनाच्या प्राधिकरणाकडे आहे. मोठ्या कामास मोठी संस्था हवी, या युक्तिवादाने १९५० मध्ये उपनगरी नगरपालिका संपुष्टात आल्या. पाव शतकानंतर तोच युक्तिवाद महापालिकेस लागू करण्यात आला.

यावरून उपनगरी स्वराज्यसंस्थांच्या अभ्यासासंबंधी एक दिशा सूचित होते. विलीनीकरणाचा इतिहास केवळ सीमाविस्ताराच्या तारखांत संपत नाही. पाणी कोणाकडून येते, घाण कोणाकडे जाते, भूखंड कोणी आखला व त्या आखणीत कोणाचा विचार झाला नाही, हे प्रश्न संस्था संपल्यावरही उरतात. वांद्रे नगरपालिकेपाशी या सर्व प्रश्नांची उत्तरे नव्हती. पण ते ज्याच्यासमोर मांडता येतील असा निर्वाचित व जबाबदार अध्यक्ष तिच्या कार्यालयात बसत असे. लहान संस्थेची अकार्यक्षमता व मोठ्या संस्थेची दूरता यांतील निवड १९५० मध्ये एकदा झाली. ती कायमची योग्य होती की नाही, याचा निर्णय मात्र प्रत्येक पिढीस नव्याने करावा लागणार आहे.